चौथी सीट आणि सहिष्णुता

रविवारी सकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारताना आमच्या इमारतीतले काका भेटले. बँकेतून निवृत्त झालेले, पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचणारे. नमस्कार-चमत्कार झाले आणि लगेच मुद्द्यावर आले. "ते प्रार्थनास्थळांच्या एक्क्याण्णवच्या कायद्याचं कोर्टात काय चाललंय, ते जरा सोपं करून सांग. ग्रुपवर रोज दहा फॉरवर्ड येतात. अर्धे म्हणतात, आपण हजार वर्षं गुण्यागोविंदानं राहिलो. अर्धे म्हणतात, हजार वर्षं मार खाल्ला. खरं काय?"

दोन्ही खरं आहे, घोळ तिथेच आहे. कायद्याकडे येतो, पण आधी काका उभे होते तिथून काय दिसतं ते बघू. मासुंदा तलावाच्या एका अंगाला कोपिनेश्वर, दुसरीकडे पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन चर्च. टेंभी नाक्याकडे चालत गेलात तर अग्यारी, आणि १८७९ सालचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शार हाशामायिम. हे सगळं पायी अर्ध्या तासात होतं. यातली काही ठिकाणं एकमेकांच्या सोबतीनं उभी राहिली, काही एकमेकांना ढकलून. दोन्ही गोष्टी याच गावात झाल्या आहेत.

आधी शब्द समजून घेऊ

सहिष्णुता हा शब्द 'सह्' या धातूवरून आला आहे. सह् म्हणजे सोसणे, खपवून घेणे. त्यात प्रेम, बंधुभाव, गळाभेट असलं काही नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात चार धर्मांचे पोशाख घालून मुलं उभी करतात तेव्हा आपण नेमकं हेच विसरतो.

चौथी सीट आठवा. लोकलचा बाक तिघांचा. चौथा येतो, म्हणतो "जरा सरका", आणि तिघं सरकतात. कुणी खुशीनं सरकत नाही. चौथ्याचं अर्धं अंग बाहेर लटकतं, तिसरा अवघडतो, खिडकीवाला तोंड फिरवतो. तरी डोंबिवलीपासून सीएसएमटीपर्यंत हा नियम चालतो. तो लिहिलेला कुठेही नाही आणि मोडला तर दंडही नाही. चालतो कारण आज खिडकीला बसलेला उद्या चौथा असणार आहे, हे प्रत्येकाला माहीत असतं.

इतिहासातली सहिष्णुता बहुतेक वेळा या जातीची होती. माणसं थोर होती म्हणून ती टिकली असं फार थोड्या ठिकाणी दिसतं. नियम ठरलेला होता, सगळ्यांना तो माहीत होता आणि पाळण्यात प्रत्येकाचा काहीतरी फायदा होता, म्हणून टिकली.

कोकणातली जुनी वहिवाट: आपलं आपण बघा

इसवी सन ९१६ च्या सुमारास अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी चौलला आला. तिथे त्या वेळी शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. पुढे ठाणे, म्हणजे तेव्हाचं श्रीस्थानक, या घराण्याची राजधानी म्हणून ओळखलं गेलं. मसूदी लिहितो की चौलमध्ये दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते आणि त्यांच्या आपसातल्या भानगडी निस्तरायला राजानं त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या प्रमुखाला 'हुनरमन' म्हणत. आजच्या भाषेत सांगायचं तर विंगचा विंगप्रमुख. तुमच्या विंगमधली भांडणं तुम्ही मिटवा, मेंटेनन्स मात्र वेळेवर भरा.

याहून नवलाची गोष्ट डहाणूजवळच्या चिंचणीला सापडली. चिंचणी आज पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ च्या ताम्रपटात संजाणच्या अधिकाऱ्याची नोंद आहे. तो ताजिक, म्हणजे अरब मुसलमान. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण यानं त्याला नेमलेलं. ताम्रपट त्याला मधुमती सुगतिप म्हणतो. अभ्यासकांच्या मते मधुमती हे मोहम्मदचं संस्कृत रूप. या गृहस्थानं नद्यांवर फुकट नाव चालू केली आणि संजाणला अन्नछत्र घातलं. तिथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. देवीच्या मठासाठी जमीनही त्यानंच दिली.

हे वाचून कुणी म्हणेल, वा, काय मनाचा मोठेपणा. असेलही. पण बंदर चालवायचं तर व्यापारी हवेत, व्यापारी अरब होते, आणि अरब अधिकाऱ्याला गावावर सत्ता टिकवायची तर मठाशी सलोखा हवा होता. तूपभात खाणाऱ्याला त्यामागचा हेतू विचारायची गरज पडली नसावी.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा असा की ती समूहासमूहांत होती. माणूस एकटा सापडला, किंवा वरचा हाकिम बदलला, की संरक्षण संपलं.

१३२१: घरातलं भांडण आणि चार प्रेतं

ते कसं संपतं याचं उदाहरण ठाण्यातच आहे, आणि बहुतेक ठाणेकरांना ते माहीत नाही.

१३२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सिस्कन संघाचे चार ख्रिस्ती धर्मोपदेशक ठाण्याच्या बंदरात उतरले. जायचं होतं केरळातल्या कोल्लमला, गलबत इकडे आलं. तेव्हा इथे दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. ठाण्यात थोडीशी जुनी ख्रिस्ती घरं होती, नेस्टोरियन पंथाची, पूर्वेकडच्या चर्चची. पाहुणे त्यांच्यापैकी एका घरी उतरले.

त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं. नवऱ्यानं बायकोला मारलं. ती काझीकडे दाद मागायला गेली. काझीनं विचारलं, साक्षीदार कोण? घरी परदेशी पाहुणे आहेत, असं उत्तर आलं. झालं, पाहुण्यांना बोलावलं. साक्ष राहिली बाजूला आणि धर्मावर वाद सुरू झाला. शेवटी विचारलं गेलं की तुम्ही पैगंबरांना काय समजता. पाहुण्यांनी द्यायचं ते उत्तर दिलं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ओडोरिक नावाचा प्रवासी काही वर्षांत ठाण्याला आला आणि त्यानं ऐकलेली हकिकत लिहिली. त्याच्या सांगण्यानुसार इथल्या मलिकानं, म्हणजे सुलतानाच्या अंमलदारानं, त्यांच्यापैकी तिघांना आधी सोडून दिलं होतं. खाडीपलीकडे निघून जा, असं सांगून वाटेला लावलं होतं. नंतर काझीनं मलिकाचे कान भरले, माणसं पाठवली गेली आणि चौघेही मारले गेले. दिल्लीच्या सुलतानाला हे कळल्यावर त्यानं मलिकालाच देहदंड दिला, असंही ओडोरिक लिहितो. हकिकत लिहिणारे त्यांच्याच पंथाचे, त्यामुळे चमत्कार आणि कडवेपणा त्यात भरपूर आहे. ते वजा करून वाचावं लागतं.

वजा करून उरतं काय? भांडण होतं मारहाणीचं. मार खाल्लेल्या बाईचं पुढे काय झालं, हे कुणीही नोंदवलेलं नाही. तिच्या तक्रारीवरून गावात धर्मयुद्ध झालं आणि ती स्वतः गोष्टीतून नाहीशी झाली. आजही एखाद्या गल्लीतल्या पार्किंगच्या किंवा उधारीच्या भांडणाला 'आपले' आणि 'त्यांचे' असा रंग चढतो, तेव्हा मूळ तक्रारदार असाच गायब होतो.

राजाचा धर्म तोच प्रजेचा

१५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर साष्टी, ठाणे पोर्तुगिजांकडे गेलं. 'आपलं आपण बघा' ही वहिवाट इथे संपली. देवळं पाडली गेली, हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी आली. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसलं, म्हणजे धर्मपालनात चूक शोधून शिक्षा देणारं न्यायालय. याच सुमारास गोव्यातला मंगेश नदी ओलांडून प्रियोळला नेला गेला.

पोर्तुगीज जगावेगळं वागत होते असं मात्र नाही. त्या काळच्या युरोपात हाच रिवाज होता. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहानं जर्मन संस्थानांना सांगितलं होतं की राजा ज्या पंथाचा, त्या पंथाची प्रजा. पटत नसेल तर गाव सोडा. एवढं करूनही १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं मध्य युरोप युद्धात भाजून निघाला. ख्रिस्ती विरुद्ध ख्रिस्ती. दुसरा धर्म गावाबाहेर घालवला की शांतता येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तीस वर्षं जरूर वाचावीत. दुसरा धर्म संपला की दुसरा पंथ सापडतो.

इकडे मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं घेतलं आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्मानं चालायची मुभा आणि मोजकी चर्च राखून ठेवली होती. १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी कोपिनेश्वराचं देऊळ बांधलं. तलावाकाठी आज दिसणारी जोडी अशी तयार झाली. पोर्तुगीज गेले, चर्च राहिलं, देऊळ परत आलं.

मेहेरबानी आणि हक्क

आता एक बारीक फरक. तो पकडला की निम्मा विषय समजला.

फ्रान्सच्या राजानं १५९८ मध्ये नांतचा फर्मान काढून प्रोटेस्टंट प्रजेला उपासनेची मोकळीक दिली. सत्याऐंशी वर्षं ती चालली. १६८५ मध्ये नातवानं, चौदाव्या लुईनं, एका सहीनं ती काढून घेतली. साधारण दोन लाख माणसं देश सोडून गेली. त्यांत विणकर होते, घड्याळजी होते, कारागीर होते. लंडन आणि बर्लिनचे धंदे त्यांनी वाढवले. आपल्याकडे अकबरानं १५६४ मध्ये जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर, उठवला. पणतू औरंगजेबानं १६७९ मध्ये तो परत बसवला.

दिलेली गोष्ट परत घेता येते, ही मेहेरबानी. घरमालक चांगला आहे म्हणून भाडेकरू निवांत झोपतो, पण मालकाचा मुलगा कसा निघेल कुणी सांगावं? हक्क म्हणजे रजिस्टर झालेला करार. आपल्या राज्यघटनेचं पंचविसावं कलम हा तो करार. सर्व व्यक्तींना आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा सारखाच हक्क, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद हा नियम याच मर्यादेतला, आणि तो काकड आरतीला, अजानला आणि लग्नाच्या डीजेला एकाच मापानं लागू आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, ती राज्य सरकार ठरवतं.

"पण आपण तर मुळातच सहिष्णू ना?"

काकांचा हा आवडता मुद्दा, आणि त्यात तथ्य आहे. कोकणात गलबत फुटून आलेल्या बेने इस्रायली ज्यूंनी अनेक शतकं तेलाचा घाणा चालवला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' नाव दिलं आणि प्रश्न संपवला. शनिवारी तेल मिळत नाही, शुक्रवारी आणून ठेवा. टेंभी नाक्यावरचं प्रार्थनास्थळ त्यांचंच.

पण हेच गाव आपल्याच धर्मातल्या माणसाला पाणवठ्यावर येऊ देत नव्हतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंचा सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर लोकांना मारहाण झाली. चौथ्या सीटच्या भाषेत बोलायचं तर ज्यूला आपण सरकून जागा दिली आणि घरच्याला डब्यातच चढू दिलं नाही. त्यामुळे 'मुळातच' हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो.

"दंगली तर अचानक उसळतात!"

दंगल 'उसळते', 'भडकते', 'पेटते'. क्रियापदं बघा, जणू करणारा कुणी नाहीच.

भिवंडी आपल्यापासून पंधरा-वीस किलोमीटर. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल झाली आणि ती जळगाव, महाडपर्यंत पोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं तपशीलवार चौकशी केली. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं न्यायची, घोषणा कुठल्या द्यायच्या, गुलाल कुठे उधळायचा यावर तणाव आधीपासून साचत आला होता. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. मात्र डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

मधल्या काळात काय बदललं? १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. वस्तीवस्तीत दोन्ही समाजांची माणसं आणि त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यातला ठरलेला माणूस. नळाचं पाणी, गटार, छेडछाड, किरकोळ मारामारी असे विषय घेऊन त्या नियमित बसत. शांततेवर भाषणं करायला कुणी बसत नव्हतं. अफवा उठली की कुणाला फोन करायचा हे ठरलेलं होतं, आणि फोन उचलणारा ओळखीचा होता.

राजकीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी अनेक शहरांची तुलना करून हाच मुद्दा मांडला. सणाला एकमेकांकडे शिरखुर्मा आणि करंज्या जाणं चांगलंच आहे, पण मोठ्या शहरात तेवढ्यावर भागत नाही. दोन्ही समाजांची माणसं एकाच संघटनेत, युनियनमध्ये, व्यापारी मंडळात असली तर अफवेला आळा बसतो. यंत्रमागाच्या धंद्यात तर हे रोजचंच. सुताचा व्यापारी एका समाजाचा, मागवाला दुसऱ्या, कारागीर तिसऱ्या प्रांतातला. माग बंद पडला तर तिघांचंही पोट उपाशी. तरीही १९७० आणि ८४ ला माग जळाले, कारण धंद्यातल्या ओळखीला जोडून तंटा मिटवणारी जागा नव्हती.

तर, तो एक्क्याण्णवचा कायदा

त्याचं नाव प्रार्थनास्थळे (विशेष तरतुदी) कायदा, १९९१. सांगणं एकच: १५ ऑगस्ट १९४७ ला जे प्रार्थनास्थळ ज्या धर्माचं होतं, ते त्याच धर्माचं राहील. त्या दिवशी मशीद असेल तर मशीद, देऊळ असेल तर देऊळ. बदलायचा प्रयत्न केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. अयोध्येला यातून वगळलं, कारण तो खटला आधीच चालू होता. पुरातत्त्व कायद्याखाली संरक्षित असलेली प्राचीन स्मारकंही या तरतुदीबाहेर आहेत, आणि त्यावरूनच बरेच वाद कोर्टात गेले आहेत. १२ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या कायद्याला दिलेल्या आव्हानाचा विचार चालू असताना देशभरात असे नवे दावे दाखल करून घेऊ नयेत आणि चालू दाव्यांत परिणामकारक आदेश देऊ नयेत.

विरोधकांचं म्हणणं असं, की कोर्टात दाद मागायचा दरवाजाच बंद करणं अन्याय आहे. बाजूनं बोलणारे म्हणतात, दरवाजा उघडा ठेवला तर त्याला शेवट नाही. निकाल न्यायालय देईल. पण तारीख ठरवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. उसने दिलेले पैसे वसूल करायला दावा तीन वर्षांत लावावा लागतो, नंतर कायदा ऐकत नाही. पैसे दिलेच नव्हते, असं कायदा म्हणत नाही. तो म्हणतो, कुठेतरी थांबायला हवं.

"म्हणजे झालं ते विसरायचं?"

मुळीच नाही. पोर्तुगिजांनी देवळं पाडली, हे लिहायलाच हवं. चौघांना ठाण्यात मारलं, हेही. चवदार तळंही. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या शेजारी सोपाऱ्याला सापडले. त्याच्या गिरनारच्या बाराव्या लेखात एक शब्द आहे, वचिगुती, म्हणजे बोलण्यावरचा ताबा. आपल्या पंथाची उगाच वाखाणणी आणि दुसऱ्याची निंदा करणारा स्वतःच्याच पंथाचं नुकसान करतो, असं तो सांगतो. बोलणं बंद करा, असं अशोक म्हणत नाही. उलट एकमेकांचा धर्म ऐका, म्हणतो.

इतिहास साक्षीला बोलवावा. आरोपीच्या पिंजऱ्यात शेजाऱ्याला उभं करू नये, एवढंच.

मलंगगडाच्या चिठ्ठ्या

कल्याणजवळचा मलंगगड सगळ्यांना माहीत आहे. मुसलमान त्याला हाजी मलंगांचा दर्गा म्हणतात, हिंदूंमध्ये ती मच्छिंद्रनाथांची समाधी मानली जाते. वाद आजही आहे. पण जुना वाद वेगळाच होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कल्याणच्या काशिनाथपंत केतकरांनी त्या जागेची डागडुजी केली आणि व्यवस्था पाहू लागले. दर्ग्याचा वहिवाटदार ब्राह्मण का, यावर स्थानिक मुसलमानांनी हरकत घेतली. जागा कुणाच्या धर्माची, हा मुद्दाच नव्हता. किल्ल्या कुणाकडे, एवढाच होता. १८१७ मध्ये असं ठरलं की बाबांचीच इच्छा काय ते विचारू, चिठ्ठ्या टाकू. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की चिठ्ठ्या तीनदा टाकल्या आणि तिन्ही वेळा कौल केतकरांच्या माणसाच्या बाजूनं पडला. वहिवाट केतकर घराण्याकडे राहिली. पुढे व्यवस्थेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४ मध्ये न्यायालय म्हणालं की ही संस्था दोन्ही परंपरांची मिसळ आहे, तिला ना हिंदू कायदा लावता येईल ना मुस्लिम. तिची स्वतःची रूढी आणि विश्वस्त संस्थांचा सर्वसाधारण कायदा, एवढंच लागू.

काका ऐकत होते. म्हणाले, "तीनदा का टाकल्या? एकदा पुरली नसती?"

"पहिल्या चिठ्ठीवर हरलेल्यानं मान्य केलं असतं का?"

ते थोडा वेळ तलावातल्या बोटींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या पार्किंगची चिठ्ठी सेक्रेटरीनं एकदाच काढली होती."

ते भांडण सहा वर्षं झाली, अजून चालू आहे.